गिरणीच्या माडीवरच्या डॉक्टरीण

गेल्या महिन्यात आमच्या शहरातल्या एका वातानुकूलित सभागृहात डॉ. विमल धारूरकर यांच्या तैलचित्राचं अनावरण झालं. मलाही निमंत्रण होतं, कारण त्यांचा दवाखाना माझ्या पिठाच्या गिरणीच्या माडीवर होता, हे कुणाला तरी आठवलं. मी गेले आणि दात आवळून सगळी भाषणं ऐकली. एका नामांकित डॉक्टरांनी बाईंना ‘ममतेचा झरा’ म्हटलं. दुसरे म्हणाले, दुःखी माणसाच्या डोक्यावरून हात फिरवून त्या त्याचे अश्रू पुसत. एका बाईंनी बोलता बोलता स्वतःच्याच डोळ्यांना रुमाल लावला.

धारूरकर बाईंनी कुणाच्या डोक्यावरून हात फिरवलेला मी कधी पाहिला नाही. रडणाऱ्याला त्या पाणीसुद्धा विचारत नसत. म्हणायच्या, “पाणी दिलं की माणूस रडायचं थांबतो. आपल्याला ते ऐकवत नाही, म्हणून आपण पाणी देतो.” आणि ज्या डॉक्टरांना आता ममतेचा झरा दिसला, तेच त्या काळी बाईंच्या दवाखान्याला ‘गप्पांचा अड्डा’ म्हणून हसायचे. मी बोलायला उभी राहिले, तर अध्यक्षांनी हातानंच ‘बसा’ अशी खूण केली. नंतर चहा होता. तो न घेता मी घरी आले. तेव्हा मला जे बोलायचं होतं, ते आता लिहिते.

आमची गिरणी औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत. नवरा जिल्हा परिषदेत कारकून, गिरणी माझी. पावसानं लागोपाठ दगा दिलेली ती वर्षं. खेड्यांतली माणसं शहरात येत होती, वाळूजकडं रोज नवी कंपनी उभी राहत होती, बजाजनगरात एकेका पत्र्याच्या खोलीत तीन-तीन बिऱ्हाडं कोंबली होती. आमच्या गल्लीत नळ कोरडे आणि टँकर आला की भांडणं. अशात एक साठीची बाई पुस्तकांच्या पेट्या आणि एक लाकडी बाज घेऊन आमच्या माडीवर राहायला आली. नऊवारी नाही, कुंकू नाही, मनगटावर पुरुषी घड्याळ, त्याची तबकडी आतल्या बाजूला. घरमालकानं विचारलं, “कसल्या डॉक्टर तुम्ही?” बाई म्हणाल्या, “ऐकायच्या.”

त्या मूळच्या बीडकडच्या. मुंबईला डॉक्टरी शिकल्या, मग ती गुंडाळून कलकत्त्याला मनोविश्लेषण शिकायला गेल्या. त्या शिक्षणात म्हणे आधी स्वतःलाच काही वर्षं दुसऱ्यापुढं पडून मनातलं सगळं बोलावं लागतं. मी विचारलं, “मग मुंबईत का नाही थांबलात? तिथं श्रीमंत लोक आले असते.” त्या म्हणाल्या, “मराठवाड्यातला माणूस मुंबईला जाऊन बोलणार नाही. गेलाच तर मुंबईच्या भाषेत बोलेल. परक्या भाषेत माणूस शहाणपणाचं तेवढं बोलतो.”

सुरुवातीला कुणी फिरकेना. पहिले आले ते खुलताबादचे एक निवृत्त मास्तर. त्यांना झोप येत नसे. बाईंनी त्यांना बाजेवर आडवं व्हायला सांगितलं आणि स्वतः त्यांच्या डोक्यामागं खुर्ची घेऊन बसल्या. तशीच त्यांची पद्धत. मास्तर ताडकन उठले. “उत्तरेला डोकं? बाई, मला एवढ्यातच वाटेला लावायला निघाल्या व्हय?” खोलीची खिडकी बघून बाईंनी बाज लावली होती, दिशा त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. त्यांनी पदर खोचला आणि एकटीनं बाज फरफटत फिरवली. खाली माझ्या छताची माती पिठात पडली. मास्तर पुन्हा आडवे झाले, पण टोपी छातीवर धरून सारखे मागं वळून बघत राहिले. जाताना मला म्हणाले, “मागं बसून ऐकणं म्हंजे चोरून ऐकणंच की वो वैनी.” तरी दर आठवड्याला आले, आणि काही महिन्यांनी मला आपण होऊन सांगून गेले की झोप लागायली.

बायकांचा प्रश्न वेगळा होता. एक तर त्या येणार कशा? पोरगी किंवा सून त्या माडीवर जाते म्हटल्यावर तिच्यावर शिक्काच बसला असता. यावर उपाय बाईंनी शोधला नाही, मी शोधला नाही, तो आपोआप झाला. घरातून एकटीनं निघायला बाईमाणसाला दळणाचं कारण चालतं. दळण माझ्याकडं टाकायचं आणि जिना चढायचा. दळण तयार होईपर्यंत कुणी काही विचारत नाही. एखाद्या नवऱ्यानं दरवाजात येऊन “एवढा वेळ लागतो व्हय दळनाला?” असं दरडावलंच, तर मी मोटारीकडं बोट दाखवायची, “लाइट गेली होती.” त्या काळी ते नेहमीच खरं असायचं.

दुसरं म्हणजे त्या आडव्या पडायला तयार होत नसत. “दिवसाढवळ्या पडायला मी काय बाळंतीण हाय का?” असं एकीनं सुनावल्यावर बाई बराच वेळ खिडकीत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सतरंजी अंथरली, त्या बाईच्या हातात सूप दिलं, तिचंच धान्य त्यात ओतलं आणि स्वतः तिच्या पाठीमागं भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. रेशनची ज्वारी, अर्धी खडे. ती बाई निवडत गेली आणि बोलत गेली. आमच्याकडच्या बायका एरवीही निवडतानाच खरं बोलतात, फक्त ऐकणारी जाऊ असते किंवा शेजारीण, आणि ती संध्याकाळपर्यंत गल्लीभर करते. वरची ऐकणारी कुणालाच सांगत नव्हती. एवढाच काय तो फरक, आणि तो फार मोठा होता.

याचं शहरानं काय केलं? बोंब उठवली की डॉक्टरीण पैसे घेऊन वर पेशंटकडून धान्य निवडून घेते! गिरणीवाली आणि ती वाटून खातात! शिकलेल्या घरांत हे चवीनं बोललं जायचं. माझ्या नणंदेनंच मला विचारलं, “वैनी, तुमच्याकडं आता निवडायला बाया फुकटात येत्यात म्हनं?” मी चिडून वर गेले. बाई म्हणाल्या, “मग?” हा त्यांचा आवडता शब्द. कितीही मोठी गोष्ट सांगा, त्यांचं उत्तर ‘मग?’ म्हणजे पुढं बोला.

सल्ला त्या कधीच देत नसत. मी एकदा नवऱ्याची तक्रार घेऊन गेले, तर सगळं ऐकून गप्प. मी म्हटलं, “अहो, काहीतरी सांगा.” त्या म्हणाल्या, “निर्मलाबाई, सल्ला गल्लीत फुकट मिळतो. माझ्याकडं पैसे पडतात, कारण मी तो देत नाही.” आणि एका गोष्टीला त्या जागच्या जागी हरकत घ्यायच्या. कुणी दुसऱ्याचं वाक्य पुरं केलं की. टँकरच्या रांगेत एका तोतऱ्या मुलीची आई तिच्या वतीनं बोलायला लागली, तर बाईंनी हातातली बादली खाली ठेवली. “थांबा. तिचं तिला संपवू द्या.” मागं रांग, वर ऊन, बायका करवादल्या, “अगं बोल की बाई लवकर!” पण पोरीनं वाक्य पुरं करेपर्यंत बाई बादली उचलायला तयार नाहीत. असला हट्ट गल्लीला कसा आवडणार? मलाही त्या दिवशी आवडला नव्हता. माझा नंबर मागं होता.

मग कौसा आली.

कौसा धनगराची. सासर अजिंठ्याकडचं. सासरा हरबा मेंढरं घेऊन गावोगाव हिंडायचा. शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात दाणे आणि पाणी घ्यायचं, अशी त्यांची रीत. नवरा गोरख तेवढा वाळूजच्या एका कंपनीत चिकटला होता. दुष्काळात निम्मा कळप गेला, उरलेला विकला, आणि कौसा मुलीला घेऊन बजाजनगरात नवऱ्याच्या खोलीवर आली. तोवर तिचा आवाज गेलेला होता. घशाच्या डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. एकानं तर तोंडावर सांगितलं, “नाटक करते.” तिचं तान्हं पोरगं मेंढरांमागं हिंडतानाच वारलं होतं. सासरचे म्हणत, हिच्या निष्काळजीपणानं गेलं आणि मग हिला वेड लागलं.

गोरख तिला सायकलवर डबलसीट घेऊन आला. चांगला पोरगा, पण गोंधळलेला. बाईंनी तिला सूप दिलं. ती निवडायला लागली, बाई मागं बसल्या. ना ही बोलते, ना त्या. असं आठवड्यांमागून आठवडे चाललं. मी बाईंना म्हटलं, “अहो, दोन मुक्या बाया वर बसून काय करता? पोराचे पैसे कशाला घेता?” त्या म्हणाल्या, “ती मुकी आहे, मी गप्प आहे. एक नाही ते.”

एका दुपारी लाइट गेली. गिरणी बंद पडली आणि त्या शांततेत वरून आवाज ऐकू आला. “हुर्रर्र… हुर्रर्र…” मेंढरांना हाकायचा. बारीक, घोगरा. पुढं पुटपुटल्यासारखं काहीतरी, बराच वेळ. मी हातातली फडकी तशीच धरून उभी राहिले. कौसा खाली उतरली ती पुन्हा मुकी. घरीही मुकीच राहिली. पण वर ती बोलू लागली होती. काय, ते बाईंनी मला कधीच सांगितलं नाही.

मग हरबा गावाकडून आला. उंच, वाळका, पांढरा पटका. पोराला आता कंपनीची नोकरी, दुसरी मुलगी सहज मिळत होती. त्याला बाईंकडून चिठ्ठी हवी होती की सून वेडी आहे. चिठ्ठी मिळाली की कौसाला भावाकडं धाडायचं आणि नात शेवंता सासरी ठेवायची. बाई म्हणाल्या, “ती वेडी नाही.”

“मंग काय हाय तिला?”

“ते ती सांगेल.”

“मुकी कशी सांगंल वो? चेष्टा करायल्या का आमची?”

चिठ्ठी दुसरीकडं सहज मिळाली असती, मिळवणारे मी पाहिले आहेत. पण गोरख अडून बसला, “डॉक्टरीणबाई बैठकीत येऊन सांगतेन त्ये मला मान्य.” म्हणून सोयऱ्याधायऱ्यांची बैठक ठरली, रविवारी, बजाजनगरातल्या त्यांच्या खोल्यांमागच्या मोकळ्या प्लॉटवर. मी बाईंबरोबर गेले. रिक्षात मी त्यांना विनवलं, “तुम्हांला ठाऊक आहे ती काय बोलली ते. सांगून टाका. पोर आईजवळ राहील.”

“नाही.”

“कसलं हे शास्त्र तुमचं? आईपासून लेकरू तोडतायत ते!”

“निर्मलाबाई, तिच्या वतीनं सासरा बोलतो, नवरा बोलतो, घशाचा डॉक्टर बोलतो. त्यात मी आणखी एक? मी बोलले तर आजचा दिवस निभेल. तिचं तोंड मात्र कायमचं बंद होईल.”

“आणि ती बोललीच नाही तर?”

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. मला तेव्हा त्यांचा इतका संताप आला की मी बाहेर बघत बसले.

बैठकीत बाईंसाठी समोर खुर्ची मांडली होती. कौसा एका बाजूला जमिनीवर, पदर कपाळापर्यंत. शेवंता आजीच्या मांडीवर. एक म्हातारा म्हणाला, “बोला डॉक्टरीणबाई, काय हाय त्ये सगळ्यांम्होरं सांगा.” बाई खुर्चीकडं गेल्याच नाहीत. त्या कौसाच्या पाठीमागं जाऊन मातीत बसल्या. म्हणाल्या, “मी काही सांगणार नाही. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल. तुम्ही थांबा.”

“किती येळ?”

“लागेल तेवढा.”

कुणी हसलं. कुणी म्हणालं, “ह्या शहरवाल्या बाईनं खामोखा रविवार घालवला.” हरबा बोलायला लागला, “पोरगं तिच्यानं सांभाळलं गेलं नाय, त्याचाच धसका…” बाई म्हणाल्या, “थांबा आबा.” तो पुन्हा बोलला, त्या पुन्हा म्हणाल्या, “थांबा.” आवाज चढवला नाही. ऊन सरकत होतं. माणसं चुळबुळ करून विड्या शिलगावत होती. दोन-चार उठूनही गेली. मी मनात म्हटलं, संपलं. ही बाई आपल्या हट्टापायी पोरीला देशोधडीला लावणार.

मग कौसाचा आवाज निघाला. मेंढराला हाक घालायला सुरुवात केल्यासारखा, आणि मधेच फुटला. तिनं हंबरडा फोडला. बायका धावल्या, तिचं तोंड धरायला, पाणी पाजायला. बाईंनी हात आडवा करून सगळ्यांना मागं ठेवलं. बऱ्याच वेळानं कौसा सासऱ्याकडं बघून म्हणाली,

“मामा, तुमीच म्हनले ना, आवाज करू नगं? मयत झालं कळलं तर रानाचा मालक उठवून लावंल, मेंढरं पान्यावाचून मरतेन म्हनून? लेकरू तापानं फनफनलं, तवा म्हनले, दवाखाना लांब हाय, उद्या बघू. माझ्या पदराखाली गार पडलं त्ये. तुमी म्हनले, चाल, हाक मेंढरं. दिस मावळंपस्तोर मी तसंच घिऊन हाकली मामा. रडले नाय. आन् आता म्हन्ता, मीच मारलं?”

गोरख उठला, आईच्या मांडीवरून शेवंताला उचललं आणि कौसाजवळ जाऊन बसला. बापाकडं त्यानं पाहिलंही नाही. दुसऱ्या लग्नाचा विषय तिथंच संपला.

पण माझी खरी चीड पुढंच आहे. त्या बैठकीतल्या एकाही माणसानं हरबाला जाब विचारला नाही. बैठक चालवणारा म्हातारा एवढंच म्हणाला, “जाऊ द्या. दुस्काळात असं व्हतंच.” आणि उठताना बाईंना ऐकू जाईल असं कुणीतरी बोललं, “घरातलं झाकलेलं चार मानसांत उघडं पाडलं ह्या बाईनं.” लेकरू गेलं ते झाकायचं, आईवर आळ घ्यायचा ते चालतं, आणि ती रडली तर अब्रू गेली! ही वार्ता शहरात पोचली तेव्हा तर तिला आणखी फाटे फुटले. डॉक्टरीण बायकांना सासऱ्यांविरुद्ध फितवते. डॉक्टरीण अंगात आणते. माझ्याकडं दळण टाकणाऱ्यांपैकी निम्म्या बायका यायच्या बंद झाल्या. त्यांच्या घरच्यांनी त्यांना दुसऱ्या गिरणीची वाट दाखवली.

पुढं आमच्या घरमालकानं इमारत बिल्डरला दिली. सगळीकडं तेच चाललं होतं, कॉम्प्लेक्स उठत होती. मला पलीकडच्या गल्लीत गाळा मिळाला. बाईंसाठी आम्ही सिडकोपासून गारखेड्यापर्यंत खोल्या बघितल्या. नव्या कॉलन्या, नव्या पाट्या, शिकलेली माणसं. भाडं किती ते सांगायच्या आधी विचारायची, “वेडे येणार का हो तुमच्याकडं?” एकीनं तर “एकट्याच का तुम्ही?” एवढं विचारून दार लावून घेतलं. अख्ख्या वाढत्या शहरात त्या बाईला दोन खोल्या मिळाल्या नाहीत. शेवटी पुण्याच्या भाच्यानं बोलावलं.

त्याच दिवसांत एका सकाळी हरबा गिरणीच्या दारात येऊन उभा राहिला. चार बायका दळणाला बसलेल्या. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, “त्या ऐकायच्या डॉक्टरीण हायत का वर?”

मी म्हटलं, “बाई नाहीत.”

जिन्यावरून आवाज आला, “आहे मी. येऊ द्या त्यांना.”

तो चढून गेला. संध्याकाळी मी बाईंना धरलं. “याला वर घेतलात? त्यानं त्या पोरीचं काय केलं ते तुम्ही माझ्याआधी ऐकलंय!”

“हो.”

“मग त्याच्या पाठीमागं बसून कशा ऐकता त्याचं?”

बाई पुस्तकं पेटीत भरत होत्या. थांबल्या. “तुमचा राग खोटा नाही, निर्मलाबाई. तो तुमच्याकडं ठेवा. पण जिना माझा आहे.”

मी तो राग ठेवला आहे. अजून आहे. हरबा तिथं काय बोलला, रडला की नाही, मला माहीत नाही आणि विचारायचंही नाही. तो येत राहिला, मी दर खेपेला त्याच्याकडं न बघता पीठ तोलायची.

बाई निघाल्या त्या दिवशी ट्रक सकाळीच येऊन उभा होता. पेट्या चढल्या, बाज चढली, चटया, भांडी, खिडकीचा पडदासुद्धा उतरवून झाला. ड्रायव्हरला उन्हाच्या आत नगर गाठायचं होतं. तो हॉर्न वाजवत राहिला, मग माझ्यावर खेकसला. मी बाईंना बोलवायला वर गेले. दाराचा पडदा काढलेला, त्यामुळं सगळं दिसलं. रिकामी खोली, उघडी फरशी. हरबा भिंतीकडं तोंड करून गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, पटका बाजूला काढून ठेवलेला. त्याच्या मागं, प्रवासाचं पातळ नेसलेल्या बाई फरशीवर बसलेल्या, मान किंचित खाली. त्याचा आवाज इतका बारीक होता की शब्द कळत नव्हते. बाईंनी माझ्याकडं वळून न बघता तळहात वर केला.

मी खाली आले. ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्नवर हात ठेवला होता. मी त्याला म्हटलं, “बंद कर ते. वर माणूस बोलतोय.”